पडद्यावरची नादार

थांबा, एवढ्यात खिडकी बंद करू नका. तुमच्या समोरच्या पडद्यावर जी एक ओळ दिसतेय ना, तीच तुमच्याशी बोलतेय. मी एक नोंद आहे, कोर्टाच्या वेबसाइटवरची. कोणत्या कोर्टाची ते विचारू नका. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जंगली जिल्ह्यांत कोर्टं पुष्कळ आहेत, त्यातल्या एकाची मी लेक, एवढं पुरे.

मला हात नाहीत, पाय नाहीत. पण मला कुणी उघडलं की मला तिथलं दिसतं आणि ऐकू येतं. मला कागदावर छापून नेलं तर त्या कागदातही मीच असते. घडी करून खिशात ठेवलं तर खिशातून ऐकते. त्यामुळे एका जागी बसूनही मी बरंच जग फिरलेय. कागदाच्या फायलींसारखी कपाटात तोंड मिटून पडून राहणं मला कधी जमलं नाही.

माझा जन्म दोन हजार सहाच्या उन्हाळ्यातला. कोर्टात संगणक आले आणि वरून हुकूम आला की जुन्या मूळ प्रकरणांची माहिती त्यात भरा. हे काम खुशालबाबूंकडे आलं. खुशालबाबू म्हणजे तिथले सगळ्यांत जुने कारकून, निवृत्तीला टेकलेले. त्यांना संगणक मुळीच आवडत नसे. पाहुण्याच्या पोरानं मांडीवर चढून बसावं तसे ते त्याच्याकडे बघत. दोन बोटांनी टाइप करत आणि प्रत्येक अक्षरानंतर चष्म्याच्या वरून पडद्याकडे पाहत, ते खरंच उमटलं की नाही म्हणून.

त्यांनी एक जुनी फाईल उघडली आणि मला लिहायला घेतलं. नाव, गोकुळा नान्हे. गाव, कुरंडीटोला. निकालाच्या रकान्यात इंग्रजी शब्द हवा होता. त्याचं स्पेलिंग त्यांना आठवेना. विचारायला शेजारच्या टेबलावर कुणी नव्हतं, सगळे जेवायला गेलेले. मग त्यांनी मान हलवली आणि मराठीच शब्द इंग्रजी अक्षरांत ठोकून दिला: नादार.

झाले मी तयार. ‘गोकुळा नान्हे, नादार घोषित.’

नादार म्हणजे काय, ते आधी सांगते. डोक्यावरचं देणं या माणसाच्यानं फिटणार नाही, असं कोर्ट ज्याच्याबद्दल जाहीर करतं, तो नादार. लोक त्याला दिवाळखोर म्हणतात. कोर्ट त्याचं जे काही असेल ते विकून घेणेकऱ्यांना वाटतं, आणि पुढे त्याची वागणूक नीट दिसली की त्याला त्यातून मोकळंही करतं. गोकुळाबाईंना कोर्टानं अठ्ठ्याण्णव साली नादार ठरवलं होतं आणि दोन हजार एक साली मोकळंही केलं होतं. पण मोकळं करण्याचा अर्ज वेगळा होता. त्याचा कागद पलीकडच्या खोलीत किरकोळ अर्जांच्या गठ्ठ्यात होता. हुकूम तर फक्त मूळ प्रकरणांचा. खुशालबाबूंनी हुकमाबाहेर एक अक्षर टाइप केलं नाही.

म्हणजे मी अर्धी जन्मले. यात माझा दोष नाही, हे मी ठणकावून सांगते. ओळ स्वतःला टाइप करत नसते. आणि ‘बाई, तुझं उरलेलं कुठाय’ असं मला दोन वर्षांत कुणी विचारलंही नाही.

आता ज्यांच्या नावाची मी, त्या गोकुळाबाईंचं ऐका. हे मला नंतर कळलं. लोक मला उघडतात आणि माझ्यासमोर खुशाल बोलत बसतात, जणू मला कानच नाहीत.

वैनगंगेच्या दोन्ही काठांना धानाची कापणी झाली की गावोगावी मंडई भरते. मंडई म्हणजे गावजत्रा. पाहुणेरावळे येतात, मिठाईची दुकानं लागतात आणि नाटक होतं. नाटकाशिवाय मंडई म्हणजे पाहुणचाराशिवाय सोयरीक. ही नाटकं करणाऱ्या कंपन्यांची कार्यालयं वडसा या गावी. हंगामात तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसते नाटकांचे फलक.

गोकुळाबाई ढिवराच्या घरच्या. बाप तलावात जाळं टाकी, लेक काठावर उभी राहून नाटकातली भाषणं म्हणे. पुढे ती नटी झाली. मग एकाच्या कंपनीत, मग दुसऱ्याच्या, आणि नव्वदच्या सुमारास तिनं स्वतःची कंपनी काढली, चांदणी नाट्य मंडळ. बाईनं कंपनी चालवायची ही त्या वेळी नवलाची गोष्ट. पाचसहा हंगाम तिनं ती दणक्यात चालवली.

एका वर्षी नदी फुगली आणि नाल्याचं पाणी उलटं फिरून कंपनीच्या गोदामात शिरलं. पडदे, दिवे, ऑर्गन, कपडे, सगळ्याचा चिखल. ते सगळं उधारीवर घेतलेलं. दुसरा कुणी असता तर गाव सोडून पळाला असता. गोकुळाबाई स्वतः कोर्टात गेल्या आणि सांगितलं, माझ्यानं फिटत नाही, काय ते तुम्हीच ठरवा. कोर्टानं ठरवलं. एक बेलिफ कुरंडीटोल्याला आला आणि चौकात उभं राहून त्यानं वाचून दाखवलं, ‘गोकुळा नान्हे हिला नादार घोषित करण्यात आलेलं आहे.’

चौकात तेव्हा सुकलूभाऊ उभे होते. सुकलूभाऊ म्हणजे कुरंडीटोल्याचा भोंगा. मंडई आली की ऑटोला भोंगा बांधून ते पंचक्रोशीत नाटकाची जाहिरात करत फिरत. आवाज असा की भोंगा बिघडला तरी चालावं. त्यांनी नादार हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला आणि त्याचा अर्थ स्वतःच्या मनानं लावून टाकला. इमान असलेला तो इमानदार. मग नाद असलेला तो नादार. आणि गोकुळाबाईंएवढा नाटकाचा नाद अख्ख्या झाडीत, म्हणजे आमच्या या जंगली मुलखात, कुणाला होता?

त्या वर्षी गोकुळाबाई दुसऱ्याच्या कंपनीत काम करत होत्या. सुकलूभाऊ ऑटोतून ओरडत निघाले, ‘कोर्टानं घोषित केलेली, नादार गोकुळाबाई, आपल्या गावात.’

ज्यांना खरा अर्थ माहीत होता ते गालात हसले. ज्यांना नव्हता त्यांनी टाळ्या वाजवल्या. गोकुळाबाईंना तो माहीत होता. त्या पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, राहू द्या. तेव्हापासून तेच त्यांचं नाव झालं. आरमोरीपासून ब्रह्मपुरीपर्यंत माणसं प्रेमानं विचारत, यंदा नादारबाईचं काम कोणत्या नाटकात आहे?

दोन हजार आठ साल उजाडलं आणि गोष्टीत आचल आली. गोकुळाबाईंची लेक. ब्रह्मपुरीच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, बावीसतेवीस वर्षांची, आणि जिभेला लगाम नसलेली. मला ती पहिल्या भेटीतच आवडली. आम्ही दोघी एका स्वभावाच्या. आम्हाला ‘बघू’ हा शब्द खपत नाही.

आचलनं ठरवलं होतं की चांदणी नाट्य मंडळ पुन्हा उभं करायचं, आईच्याच नावानं. पन्नाशीला आलेली आई दुसऱ्याच्या कंपनीत सासूची कामं करते हे तिला बघवत नव्हतं. एकदा तरी आईनं स्वतःच्या पडद्यामागून स्वतःच्या रंगमंचावर यावं, हा तिचा हट्ट. नवं नाटक बसत होतं. मात्र एक अट होती, नाटकवाल्यांतली न लिहिलेली अट. ज्या कंपनीला स्वतःच्या गावची मंडई मिळत नाही, तिला दुसरं गाव बोलवत नाही. म्हणून कुरंडीटोल्याच्या मंडईची तारीख मिळणं, हे सगळ्याचं मूळ होतं. ती तारीख मंडई कमिटी देणार होती, दसऱ्याला. आणि कमिटीचे अध्यक्ष आता सुकलूभाऊ होते.

तारीख मिळाल्यातच जमा होती. मग प्रफुलनं मला शोधून काढलं.

प्रफुल हा वडशातल्या दुसऱ्या एका कंपनीचा मालक. केस मागे वळवलेले, मनगटात कडं, बोलणं गोड. वडशाच्या सायबर कॅफेत तो एका दुपारी आला आणि त्यानं गोकुळाबाईंचं नाव टाकलं. मी त्याच्यासमोर उघडले. त्यानं मला वाचलं, पुन्हा वाचलं आणि कॅफेवाल्याला म्हणाला, ‘याच्या काढ दहा-बारा कॉप्या.’ मी प्रिंटरमधून गरम गरम बाहेर पडत राहिले.

त्यातली एक प्रत त्यानं सुकलूभाऊंच्या हातात दिली, आणि नादार या शब्दाचा खरा अर्थ समजावून सांगितला. अगदी हळू, मायेनं. ‘भाऊ, तुमाले कोनी सांगतलं नाई काऊन? दहा वर्सं तुमी भोंग्यावरून त्या बाईले दिवाळखोर म्हणून राह्यले. आन् ते हासून राह्यली.’

 मी सुकलूभाऊंच्या हातात होते, म्हणून सांगते. त्यांना राग दिवाळखोरीचा आला नाही. राग आला तो आपलं हसं झाल्याचा. त्यांनी माझी घडी केली, सदऱ्याच्या खिशात घातली आणि दुसऱ्या दिवशी कमिटीला सांगून टाकलं की कुरंडीटोल्याची मंडई प्रफुलच्या कंपनीला द्यायची.

आचलला हे कळलं तेव्हा ती तडक कॅफेत आली. मला उघडलं. मला वाटलं आता ही रडेल. ती रडली नाही. तिनं मला वाचलं आणि टेबलावर अशी थाप मारली की शेजारचा मुलगा गेम हरला. माझी एक प्रत काढून घ्यायला आणि वीज जायला एकच गाठ पडली.

घरी गोकुळाबाई धानाचं वाळवण उलथत होत्या. आचलनं कागद त्यांच्यापुढे धरला.

‘माय, हे पाय. तू अजून नादार हाय म्हणते.’

‘त हावोच ना मी.’

‘मजाक नको करू. कोर्टानं तुले सोडलं त्याले सात वर्सं झाले. अन् हे सारं जग वाचून राह्यलं.’

गोकुळाबाई म्हणाल्या की कागद पेटीत आहे, कोर्टाचा शिक्का आहे, सुकलूभाऊला दाखव. चार दिवसांनी राग उतरेल. कॉम्प्युटरचं काय, आज लिहितो उद्या पुसतो. मला हसू आलं. मला पुसणं एवढं सोपं असतं तर मी आज तुमच्याशी बोलत नसते. आचलला मात्र हसू आलं नाही. ती म्हणाली, ‘तुमी साऱ्या म्हाताऱ्याईनं चार दिवसांनी, चार दिवसांनी करूनच सारं घालवलं.’ आणि पेटीतला शिक्क्याचा कागद घेऊन ती निघाली.

सुकलूभाऊ ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसले होते. आचलनं त्यांच्यापुढे शिक्क्याचा कागद ठेवला आणि वाचून दाखवला. कोर्टानं गोकुळा नान्हे हिला नादारीतून मुक्त केलं आहे, तारीख, सही, सगळं. सुकलूभाऊंनी कागद उलटा केला, सुलटा केला, आणि परत दिला.

‘असा कागद तं वडशाले कोनीई बनवून देते. कम्पुटरमदी काय हाय ते सांग.’

‘कम्पुटरमदी जुनं हाय, भाऊ.’

‘मंग तेच खरं. कम्पुटर कोनाचा सोयरा नाई.’

पाहिलंत? ज्या माणसानं आयुष्यात मला उघडलेलं नाही, त्याचा माझ्यावर विश्वास. इंग्रजी अक्षरांत आहे म्हणजे खरंच असणार. मला अभिमान वाटायला हवा होता. मला वैताग आला.

दुसऱ्या दिवशी आचल कोर्टात गेली. तिच्या पर्समध्ये मी होते आणि शिक्क्याचा कागदही होता. आम्ही दोघी एकमेकींना चिकटून, आणि एकमेकींच्या अगदी उलट बोलणाऱ्या.

खुशालबाबूंनी तिला बसायला खुर्ची दिली. माणूस वाईट नव्हता. तिनं कॉलेजातल्या मराठीत नीट सांगितलं की वेबसाइटवरची नोंद जुनी आहे, कृपया दुरुस्त करावी. खुशालबाबूंनी शिक्क्याचा कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले की हा तर अगदी पक्का आहे, सही मी ओळखतो. तुमच्या आई केव्हाच मोकळ्या आहेत. मग काळजी कशाची?

‘पण वेबसाइटवर तसं नाही.’

‘वेबसाइट म्हणजे लोकांची सोय हो, बाई. रेकॉर्ड म्हणजे कागद. तो आमच्याकडे बरोबर आहे.’

आचलनं विचारलं की मग वेबसाइटवरचं बदलायला काय करायचं. ते म्हणाले, अर्ज द्या. अर्ज न्यायाधीश साहेबांपुढे जाईल, साहेब विचारतील कोणत्या नियमानं, मग नागपूरच्या संगणकवाल्यांना पत्र जाईल. दिवाळीनंतर चौकशीला या. नाहीतर कशाला त्रास घेता? वेबसाइट वाचतं कोण?

इथे आचलची कॉलेजातली मराठी संपली.

‘कोर्ट म्हणते कागद खरा, पडदा खोटा. गाव म्हणते पडदा खरा, कागद खोटा. मंग माह्या मायनं राहाचं कुठी?’

खुशालबाबूंनी चष्मा काढून पुसला.  अर्ज तेवढा घेतला आणि वजनाखाली ठेवला.

परतीच्या बसमध्ये आचल खिडकीबाहेर बघत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी साग आणि ऐनाची झाडं मागे पळत होती. एखादी मुलगी हरली असती. आचलनं मध्येच पर्स उघडली, आम्हा दोन्ही कागदांकडे पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाली, ‘कोर्टातला बाबू अन् सुकलूभाऊ, दोघंई म्हातारे एकमेकाच्या उलटं सांगून राह्यले, अन् मधात मी धावून राह्यली. मी काऊन धावू? यायलेच बसवतो आमनेसामने.’

तिनं दुसऱ्याच सकाळी सुकलूभाऊंना गाठलं. म्हणाली, कोर्टानं घोषित केलेली असं तुम्ही भोंग्यावरून सांगत होता ना, मग आता तिला काय घोषित केलं ते कोर्टाच्याच तोंडून ऐका. सुकलूभाऊ म्हणाले त्यांना काम आहे, गुडघा दुखतो, शिवाय कोर्टाची पायरी त्यांनी कधी चढली नाही. आचल म्हणाली, ‘भोंग्यासमोर तं पूरी झाडी हालवता भाऊ. कारकुनासमोर आवाज नाई निघत काय?’

सुकलूभाऊंनी धोतराचा सोगा खोचला आणि बसमध्ये जाऊन बसले.  माझी प्रफुलनं दिलेली घडी अजून त्यांच्या खिशात होती. 

खुशालबाबूंच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर सुकलूभाऊ बसले. आचल मुद्दाम उभी राहिली.

सुकलूभाऊंनी खिशातून माझी घडी काढून टेबलावर उलगडली. ‘बाबू, एक गोठ सांगा. हे गोकुळाबाई नादार हाय का नाई?’

‘होती. आता नाही. दोन हजार एकपासून नाही.’

‘मंग हा तुमचा कम्पुटर काऊन हाय म्हणते?’

‘त्याचं काय घेऊन बसले, भाऊ. तो जुनं बोलतो.’

‘त्याले हे बोलाले शिकवलं कोनं?’

खुशालबाबू माझ्याकडे बघत राहिले. स्वतःचा शब्द माणूस ओळखतो. इंग्रजी अक्षरांतला तो मराठी शब्द अख्ख्या वेबसाइटवर एकाच माणसाचा होता. दारातल्या शिपायानं तोंडावर हात ठेवला.

सुकलूभाऊंचा आवाज उतरला. भोंग्याविना तो आवाज एवढा बारीक होऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं. ‘मी अनाडी मानूस, बाबू. दहा वर्सं मी त्या बाईले नादार म्हणलो, चांगलं म्हणून म्हणलो. मले अर्थ माईत नव्हता. तुमाले तं माईत होता ना? तुमीई म्हणूनच राह्यले.’

टेबलावरचा पंखा कागद फडफडवत होता.  खुशालबाबूंनी वजन उचललं, त्याखालून आचलचा अर्ज काढला, शिक्क्याचा कागद त्याला टाचला, कपाटातला काळा कोट अंगात घातला आणि साहेबांच्या दालनात गेले. इतक्या वर्षांत ते बोलावल्याशिवाय आत गेले नव्हते, असं शिपाई आचलला म्हणाला.

साहेबांनी आचलला आत बोलावलं. एकच विचारलं की मोकळं करण्याच्या आदेशाला कुणी आव्हान दिलं होतं का. तिनं नाही म्हटलं. साहेबांनी अर्जावर लिहिलं, ‘आदेश आमचा, नोंदही आमची. नोंद आजच दुरुस्त करावी.’ नियमाची चौकशी त्यांनी केली नाही, आणि नागपूरला पत्रही जायची गरज पडली नाही. दुरुस्तीचा परवलीचा शब्द खुशालबाबूंनाच दिलेला होता. दोन वर्षं तो त्यांच्या ड्रॉवरमध्ये चिठ्ठीवर पडून होता. त्यांना तो वापरायचा असतो हे कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

आचलच्या डोळ्यांत ठिणगी पेटली. ती काहीतरी जळजळीत बोलणार होती. सुकलूभाऊंनी तिच्याकडे पाहून मान हलवली आणि तिनं तेवढ्यापुरतं तोंड मिटलं. तिच्या आयुष्यात ही गोष्ट फार वेळा घडलेली नाही.

खुशालबाबू संगणकापुढे बसले. पुन्हा तीच दोन बोटं. माझ्या शेपटाशी एक एक अक्षर येऊन लागत होतं, आणि प्रत्येक अक्षरानंतर ते चष्म्यावरून बघत होते. मला गुदगुल्या होत होत्या. आचलनं स्पेलिंग सांगायला तोंड उघडलं. ते म्हणाले, ‘राहू द्या बाई. जसं लावलं तसंच काढतो.’ आणि त्यांनी पुन्हा मराठीच शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले: नादारीतून मुक्त. त्याच्या आधी तारीख, दोन हजार एकची.

जन्मानंतर दोन वर्षांनी मी पुरी झाले.

सुकलूभाऊंनी पडद्याला हात लावून विचारलं, ‘आता हे सिरोंच्यातई दिसन? चंद्रपुरातई?’ खुशालबाबू म्हणाले, जगात कुठेही. सुकलूभाऊंनी माझी जुनी घडी टराटरा फाडली आणि तुकडे कुठे टाकावेत ते न कळून पुन्हा खिशातच ठेवले.

दसऱ्याला कमिटी बसली. सुकलूभाऊंनी मंडईच्या तारखेचं पानसुपारीचं ताट स्वतः गोकुळाबाईंपुढे ठेवलं. प्रफुल आला होता. आपल्याला शब्द दिला होता, असं तो म्हणाला. सुकलूभाऊ म्हणाले, ‘तू मले एका शब्दाचा अर्धाच अर्थ सांगतला होता बापू. म्या तुले अर्धाच शब्द देल्ला.’

मंडईच्या दिवशी दुपारी ऑटोला भोंगा बांधला गेला. माझी नवी प्रत आचलनं सुकलूभाऊंच्या खिशात खोचली होती, कुणी विचारलंच तर दाखवायला. म्हणून मी तिथे होते. आचलनं त्यांच्या हातात स्वतः लिहिलेली जाहिरात दिली. त्यात नादार हा शब्द कुठेच नव्हता. तिला तो आता कानावरही नको होता. सुकलूभाऊ अडखळत वाचू लागले, ‘सुप्रसिद्ध ज्येष्ठ अभिनेत्री श्रीमती गोकुळा नान्हे यांच्या...’

पानटपरीवरचा एक जण म्हणाला, ‘हे कोन वो नवीन बाई? नागपूरची हाय काय?’

ऑटो थांबला. सुकलूभाऊंनी आचलकडे पाहिलं. आचलनं आईकडे पाहिलं. गोकुळाबाई मागे पडद्यांच्या गठ्ठ्यावर बसल्या होत्या, नव्या कोऱ्या पडद्यांच्या.

‘आचल,’ त्या म्हणाल्या, ‘कोर्टाचा शब्द कोर्टानं वापस घेतला. हा सुकलूभाऊचा शब्द हाय. हा कायले वापस करू?’

 आचलचा राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर आला, तिथे क्षणभर थांबला आणि हसू होऊन ओघळला. तिनं सुकलूभाऊंच्या हातातली जाहिरात काढून घेतली आणि भोंग्याची तार स्वतः घट्ट केली.

सुकलूभाऊंनी छाती भरून घेतली. त्यांच्या खिशात मी दाबली गेले. आणि ऑटो निघाला, तलावाच्या पाळीवरून, कापणी झालेल्या बांधांमधून, पुढच्या टोल्याच्या वस्तीकडे.

‘कोर्टानं सोडली, पन नाटकानं नाई सोडली. नादार गोकुळाबाई, आपल्या गावात, आपल्याच कंपनीत.’

तर अशी मी. अजून त्याच वेबसाइटवर आहे. आता मला फारसं कुणी उघडत नाही आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. पण प्रफुलनं छापलेल्या त्या प्रतींपैकी काही अजून कुणाच्या खिशात, कुणाच्या टेबलाच्या काचेखाली असतील. तिथे मी अजून अर्धीच आहे. माझ्यासारख्या आणखी किती अर्ध्या ओळी या पडद्यावर बसल्या आहेत, कुणाकुणाच्या मायबापांची नावं घेऊन, ते मलाही माहीत नाही. त्या आपणहून पुऱ्या होणार नाहीत. ज्यांनी त्यांना लिहिलं, त्यांच्या टेबलासमोर जाऊन कुणीतरी उभं राहायला हवं. दिवाळीनंतर नाही, आजच.

आणि तुम्ही, वाचणाऱ्यांनी, एवढंच करा. कुणाचं नाव टाकून मला उघडलंत तर मध्येच थांबू नका. शेवटपर्यंत वाचा. माझा शेवटचा शब्द आता ‘मुक्त’ आहे.